मामांचा बेंजो लिस्टमध्ये लिहू का?

पत्र असं आहे, थोडं छोटं केलंय:

"दादा, मी तासगावजवळच्या एका गावचा, सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमचा चौघांचा बँड आहे, मी गिटार वाजवतो. पुण्यातल्या एका कॉम्पिटिशनला आमचं सिलेक्शन झालंय आणि तिथल्या फॉर्मवर प्रत्येकानं आपले दहा फेव्हरेट अल्बम लिहायचेत आणि त्यांच्यामुळं आपण कसे घडलो ते पण लिहायचंय, स्टेजवर जायच्या आधी अँकर ते वाचून दाखवणार. बाकी तिघांनी पिंक फ्लॉइड, मेटालिका, टूल असं भराभर लिहून टाकलं, माझं पेनच चालेना. खरं सांगायचं तर मी लहानपणी अल्बम ऐकलेच नाहीत. आठवीत मोबाइलच्या दुकानातनं ५० रुपयात मेमरी कार्ड भरून आणलं होतं, त्यात लिंकिन पार्कचा 'हायब्रिड थिअरी' आख्खा होता, बाराच्या बारा गाणी, तो मी फोन बंद पडेपर्यंत ऐकला. आणि त्याच्या आधी मामांची बेंजो पार्टी. वरात असो, गणपती असो, उरूस असो, मी जनरेटरच्या गाड्यावर बसून मामांचा हात बघत असायचो. नंतर डॉल्बी आली आणि त्यांना सुपाऱ्या मिळायच्या बंद झाल्या, आता मामा द्राक्षाच्या बागेत कामाला जातात आणि बेंजो माळ्यावर आहे. आमचा ड्रमर म्हणतो बेंजो लिहू नको, सगळे हसतील, आणि लिंकिन पार्क पण नको, ते काय खरं रॉक नव्हे. आता मी नेटवरनं बघून चांगली नावं लिहू का? आणि विसाव्या वर्षी हे सगळं ऐकायला सुरुवात केली तर लै उशीर झालाय का?"

भावा, तुझं पत्र वाचून झाल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असेल तर गिटार काढली आणि बेंजोवाले वरातीत मुखडा वाजवताना उजवा हात कसा थरथरवतात तसा एका तारेवर थरथरवून बघितला, मिनिटभरात माझं मनगट भरून आलं. तुझं येत नसणार. तुझा हात लहानपणापासून ते बघतोय.

तर उत्तर आधीच देतो, बाकीचं मागनं. लिहायचं. बेंजो पण लिहायचा, लिंकिन पार्क पण लिहायचं, आणि पहिल्या नंबरला मामा. नेटवरनं बघून एक पण नाव घालायचं नाही.

आता का ते सांगतो, आणि जरा लांबण लागेल कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

अमेरिकेत डिक डेल नावाचा गिटारिस्ट होऊन गेला. १९६२ साली त्यानं 'मिसिरलू' नावाची एक ट्यून इतक्या जोरात आणि इतक्या वेगानं वाजवली की तिथनं सर्फ रॉक म्हणून एक वाटच पडली, आज मेटलवाली पोरं एका तारेवर जे धडाधड पिकिंग करतात त्याचं एक मूळ तिथं आहे. आता हा हात त्याला मिळाला कुठनं? त्याच्या वडिलांकडचं घराणं लेबनॉनचं आणि त्याचे काका ऊद वाजवायचे. ऊद म्हणजे आपल्या सरोदच्या जवळपासचं, तिकडचं तारेचं वाद्य. काकांनी त्याला तिकडचा हातात धरायचा ढोल पण शिकवला, त्या ढोलाचा ठेका त्याच्या उजव्या हातात बसला तो कायमचाच. आणि मिसिरलू ही काय कॅलिफोर्नियाची ट्यून नव्हे, ती पूर्व भूमध्य समुद्राच्या काठावरची जुनी लोकधून आहे, ग्रीसपासून अरबस्तानापर्यंत लोक ती आपली म्हणून गातात. म्हणजे पोरानं काय केलं, तर काकाच्या हातातली चीज इलेक्ट्रिक गिटारवर घेतली आणि आवाज वाढवला. त्याच्या वाजवण्यानं अँप आणि स्पीकर जळायला लागले म्हणून गिटारी आणि अँप बनवणाऱ्या लिओ फेंडरला त्याच्यासाठी जास्त ताकदीचा अँप बनवावा लागला. त्याला काका होते, तुला मामा आहेत. आता सांग, ह्यात हसण्यासारखं काय आहे?

बेंजोबद्दल पण तुझ्या ड्रमरला दोन गोष्टी सांग. आपल्याकडं ज्याला बेंजो म्हणतात तो अमेरिकेतला गोल कातड्याचा बँजो नव्हे, ते बुलबुल तरंगाचं आपल्याकडचं रूप, आणि बुलबुल तरंगाचं मूळ जपानात आहे. १९१२ साली नागोयात एका माणसानं तारेच्या वाद्यावर टाइपरायटरसारखी बटणं बसवली, त्याला ताईशोगोतो म्हणतात, तेच फिरत फिरत हिंदुस्थानात आलं. पुढं आपल्याकडच्या कारागिरांनी त्याला तारेचा आवाज उचलणारा पिकअप लावला, अँप लावला, भोंगे लावले आणि गाड्यावर चढवलं. म्हणजे बघ, डाव्या हाताखाली बटणं, उजव्या हातात स्ट्रायकर, चालीच्या तारा वेगळ्या आणि शेजारी सतत एकाच सुरात गुंजणाऱ्या तारा वेगळ्या, सगळं इलेक्ट्रिक, आणि भोंग्यातनं फाटून येणारा आवाज. खालची तार मोकळी गुंजत ठेवून वर रिफ, म्हणजे परत परत येणारा सुरांचा तुकडा, वाजवायची ही रॉक गिटारची निम्मी विद्या आहे आणि ती तू गाड्यावर बसून शिकलास.

आणि फाटलेला आवाज म्हणशील तर त्याची पण गोष्ट आहे. १९६४ साली लंडनमधे द किंक्स बँडचा डेव्ह डेव्हिस, वय वर्षं सतरा, त्याला आपल्या छोट्या अँपचा गुळगुळीत आवाज आवडेना, त्यानं ब्लेड घेतलं आणि स्पीकरचा कागदच चिरला. त्या चिरलेल्या स्पीकरचा गुरगुराट 'यू रिअली गॉट मी' मधे ऐकू येतो, ते ऐकून कितीतरी पोरांनी गिटारी घेतल्या. मामांच्या भोंग्यातनं जो खर्रर्र आवाज यायचा, ज्यानं छातीत काहीतरी व्हायचं, तो तुझ्या कानाला लहानपणीच गोड लागला. बाकीच्यांना ह्या फाटलेल्या आवाजाची, म्हणजे डिस्टॉर्शनची, सवय व्हायला वेळ लागतो, तुझी पहिल्यापासून झालेली.

इथं मिरजेची एक गोष्ट घुसडतो, राहवत नाही. मिरजेत सतार आणि तंबोरे बनतात ते तुला माहीतच असेल, २०२४ ला त्यांना जीआय मानांकन पण मिळालं. तिथं कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना बघितलायस का कधी? घोडीवर कानस मारून मारून असा उतार काढतात की तार घोडीला जरा घासत वाजते, त्या घासण्यानं एका सुरातनं वरचे दहा सूर फुटतात आणि तंबोरा भरल्यासारखा वाजतो. डिस्टॉर्शनमधे पण तेच होतं, मूळ सुरावर वरचे सूर चढतात. मी एकदा माझ्या अकूस्टिक गिटारचं खोगीर, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासायला तिथल्या एका बुजुर्गांकडं नेलं होतं, त्यांनी एकदा छेडली, कान लावला आणि म्हणाले, "हिचा सूर फार साफ आहे, थोडी घाण पाहिजे." त्या दिवसापासनं माझा अँपचा गेन, म्हणजे आवाज किती फाडायचा ते बटण, कुठं ठेवायचा तो प्रश्नच मिटला.

आता अल्बमचं. तुला वाटतंय की त्या तिघांनी खूप ऐकलंय आणि तू कमी ऐकलंयस म्हणून तू मागं आहेस. माझं उलटं म्हणणं आहे. ज्यांच्या हातनं मोठं काम झालं त्यातल्या बऱ्याच जणांकडं सुरुवातीला ऐकायला लै थोडं होतं आणि तेवढंच त्यांनी झिजवलं. १९६१ च्या ऑक्टोबरात डार्टफर्ड स्टेशनवर कीथ रिचर्ड्सला मिक जॅगर भेटला, लहानपणीची ओळख होतीच, पण पुन्हा गट्टी जमली ती मिकच्या काखेतल्या रेकॉर्डींमुळं, चक बेरी आणि मडी वॉटर्स. त्या रेकॉर्डी इंग्लंडमधे सहज मिळत नव्हत्या. हातात मावतील एवढ्या रेकॉर्डी आणि त्यातनं रोलिंग स्टोन्स. तुझ्या मेमरी कार्डात एक आख्खा अल्बम होता आणि तू तो फोन बंद पडेपर्यंत ऐकलास, मला तर ते कीथच्याच जातीचं वाटतं.

माझं पण असंच. १९९४-९५ ची गोष्ट असेल, मी कॉलेजात होतो आणि मिरजेला मेडिकलच्या होस्टेलवर एक ईशान्येकडचा मुलगा होता, त्याच्याकडं ट्रंकभर कॅसेटी. त्यानं मला एक ९० मिनिटांची कॅसेट भरून दिली, ए साइडला डीप पर्पलचा 'मशीन हेड', बी साइडला ब्लॅक सॅबथचा 'पॅरानॉइड', कव्हरवर फक्त बँडची नावं, गाण्यांची नावं नाहीत. दोन वर्षं माझ्याकडं तेवढंच होतं. आमचा टेप जरा हळू फिरायचा त्यामुळं सगळं पाव सूर खाली वाजायचं, मी आपली गिटार त्या टेपला लावून घ्यायचो, कान तयार झाला तो असा. गाण्यांना मीच मराठी नावं ठेवली होती, एकाचं नाव 'रोलर' कारण ते रस्त्यावरच्या रोलरसारखं यायचं, खरं नाव 'आयर्न मॅन' आहे हे मला लै नंतर कळलं.

मशीन हेडनं मला काय दिलं तर साधेपणा. तो १९७२ चा अल्बम, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावात केलेला, जिथं रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं तो कॅसिनोच १९७१ च्या डिसेंबरात जळाला मग ह्यांनी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या एका हॉटेलच्या बोळात गाद्या लावून रेकॉर्डिंग केलं. त्यातल्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात वाजवतो आणि जवळजवळ प्रत्येक पोरगा चुकीची वाजवतो, पॉवर कॉर्डनं, म्हणजे मूळ सूर आणि त्याचा पंचम एकदम दाबून. त्यांचा गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर ती पिक न वापरता दोन बोटांनी दोन तारा एकदम उचलून वाजवतो आणि त्यात सूर पंचमाचा नसून मध्यमाचा आहे. एकदा तसं वाजवून बघ, मग कळेल की तेच चार सूर एवढे भारदस्त कसे लागतात. मी पण बरीच वर्षं पॉवर कॉर्डच ओढत होतो.

पण मला खरं घडवलं पॅरानॉइडनं, आणि ते सुद्धा ब्लॅक सॅबथच्या गिटारिस्टची, टोनी आयोमीची, गोष्ट कळल्यावर. हा बर्मिंगहॅमचा कामगार पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात, वय सतरा, कामावरचा शेवटचा दिवस, आणि मशीनमधे उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. संपलंच सगळं असं त्याला वाटलं. तेव्हा कारखान्यातल्या त्याच्या साहेबानं त्याला एक रेकॉर्ड आणून ऐकवली, जँगो राइनहार्टची. ऐकून झाल्यावर सांगितलं की हा माणूस दोन बोटांनी वाजवतोय. जँगोची डाव्या हाताची दोन बोटं १९२८ ला आगीत निकामी झाली होती. एका रेकॉर्डनं पोरगा उठला, प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर कातडं चिकटवलं, जाड तारा दाबवत नाहीत म्हणून हलक्या तारा लावल्या, आणि त्या कुठल्या म्हणशील तर बँजोच्या! पुढं १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'पासनं गिटारच तीन घरं खाली उतरवली, तारा ढिल्या झाल्या, आवाज जड झाला, आणि हेवी मेटलचा जडपणा म्हणतात तो बराचसा तिथनं आला. आमच्या कुपवाडच्या एमआयडीसीत प्रेसवर काम करणारी पोरं माझ्याकडं शिकायला येतात, एकाचं एक पेर गेलंय, त्याला मी पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगितली आणि पॅरानॉइड लावला. तो आता तिसऱ्या वर्षी पण येतोय. फेव्हरेट अल्बमचा परिणाम असा असतो, त्याला फॉर्मवर दोन ओळी पुरत नाहीत.

बघ, आयोमीला घडवणाऱ्या रेकॉर्डमधे हेवी काहीच नव्हतं. जँगो जिप्सी जॅझ वाजवायचा, लाकडी गिटारवर. म्हणून तुझा ड्रमर जे म्हणतो की हे रॉक नव्हे ते यादीत नको, त्याला काही अर्थ नाही. निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनच्या वहीत त्याच्या ५० आवडत्या अल्बमची यादी आहे, ती त्याच्या मागनं डायऱ्यांसोबत छापून आली. पहिल्या नंबरला स्टूजेसचा 'रॉ पॉवर', १९७३ चा, ते ठीकच आहे. पण त्याच यादीत बीटल्स आहेत, लेडबेलीसारखा जुना तुरुंगातनं सुटलेला लोकगायक आहे, जपानी पोरींचा शोनेन नाइफ आहे आणि पब्लिक एनिमी हा रॅपवाल्यांचा ग्रुप पण आहे. आणि त्यानं हे लपवलं पण नाही, 'नेव्हरमाइंड'मधल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात आपण पिक्सीजची नक्कल करायला बघत होतो असं तो स्वतः इंटरव्ह्यूत बोललाय.

पब्लिक एनिमी मुद्दाम सांगितलं. तुझ्या लिंकिन पार्कचा माइक शिनोडा शाळेत असताना ज्या पहिल्या मोठ्या कॉन्सर्टला गेला तिथं अँथ्रॅक्स आणि पब्लिक एनिमी एकत्र वाजवत होते, मेटल आणि रॅप एका स्टेजवर, १९९१ च्या सुमाराला. नऊ वर्षांनी, २००० साली, हायब्रिड थिअरी आला. म्हणजे तू आठवीत जे झिजवलंस त्याच्या मागं जी वाट जाते तीच वाट कोबेनच्या वहीपर्यंत पोचते. आणि मेटालिका लिहिणाऱ्या दोस्ताला विचार, त्यानं त्यांचा १९९८ चा 'गॅरेज इंक' ऐकलाय का. दोन सीड्या भरून त्यांनी दुसऱ्यांचीच गाणी वाजवलीत, डायमंड हेड, मिसफिट्स, अगदी बॉब सेगर सुद्धा, म्हणजे आम्ही कुणाकुणामुळं घडलो त्याची यादीच त्यांनी वाजवून दाखवली. भांडू नको त्याच्याशी, दोघं मिळून ऐका.

आता तुझी यादी कशी काढायची ते सांगतो, आणि हे मला पुरानं शिकवलं. आमचं घर सांगलीच्या गावभागात. २००५ ला पाणी कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांपर्यंत आलं होतं म्हणून कॅसेटींचा खोका मी त्यानंतर सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवायचो, आता काय भीती नाही असं धरून चाललो होतो. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. वरचा कप्पा पण गेला. आम्ही विश्रामबागला नातेवाइकांकडं होतो, लाइट नाही, मोबाइल चार्ज नाही, गच्चीवर बसून नुसतं पाणी उतरायची वाट बघायची. आणि तिथं माझ्या डोक्यात आपोआप अल्बम वाजायला लागले, पहिल्या गाण्यापासनं, दोन गाण्यांच्या मधल्या गॅपसकट, टेपची कुरकुर सुद्धा. आख्खे असे पाचच वाजले. मशीन हेड, पॅरानॉइड, लेड झेपेलिनचा चौथा, नेव्हरमाइंड आणि इंडियन ओशनचा 'कंदीसा'. बाकीचे शंभरेक अल्बम मी ऐकले होते, आवडले पण होते, पण पाणी त्यांना घेऊन गेलं आणि मला कळलं पण नाही.

त्यातला झेपेलिनचा चौथा तेव्हा लै लागला. १९७१ चा तो अल्बम, शेवटचं गाणं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', म्हणजे बांध फुटला तर आम्ही जायचं कुठं अशा अर्थाचं. ते गाणं त्यांचं नव्हे, १९२९ साली मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय ह्या नवराबायकोनं रेकॉर्ड केलेलं, १९२७ ला मिसिसिपीला महापूर आला होता त्यावर. आपला आयर्विन पूल पण १९२९ चाच. झेपेलिननं ते गाणं घेताना ड्रमरला एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली बसवलं आणि माईक वरच्या मजल्यावर लटकवले, त्यामुळं तो ड्रम लांबनं पाणी यावं तसा येतो. वीस वर्षं मी ते गाणं ड्रमचा साउंड म्हणून ऐकत होतो. त्या गच्चीवर पहिल्यांदा ते पुराचं गाणं म्हणून ऐकलं, ते सुद्धा नुसतं डोक्यात.

कंदीसाबद्दल पण एक वाक्य, कारण तुला तो उपयोगी पडेल. २००० साली आलेला, त्यात केरळच्या ख्रिश्चनांचं जुनं अरामी भाषेतलं स्तोत्र आहे, नर्मदेचं गाणं आहे, आणि गिटारला डिस्टॉर्शन जवळजवळ नाहीच, तरी कुणाची छाती होणार नाही त्याला कमी रॉक म्हणायची.

तर आज रात्री असंच कर. फोन बाजूला, काही लावू नको, डोळे मिट आणि बघ काय काय आपोआप वाजतंय सुरुवातीपासनं शेवटपर्यंत. जेवढं वाजेल तेवढंच लिही. दोनच वाजलं तर दोनच लिही, दहा रकाने आहेत म्हणून दहा भरायलाच पाहिजेत असं काय नाही. आणि परिणाम काय ह्या रकान्यात मोठं मोठं लिहू नको, हातात काय आलं तेवढं लिही. "मामांच्या बेंजोमुळं माझं पिकिंग" एवढं जरी अँकरनं वाचलं आणि नंतर तू ते वाजवून दाखवलंस तर हॉलमधे कोण हसतंय ते मला सांग. मामांचं नाव मात्र त्यांना विचारून घाल, आणि वर्षं किती वाजवलं ते पण.

उशीर झाला का हे विचारलंस. नाही झाला, पण एक गोष्ट आहे, आता तुझ्याकडं सगळं फुकट आणि सगळं एकदम आहे, त्यामुळं तुला स्वतःलाच कॅसेटचा काळ बनवावा लागेल. महिन्याला एक अल्बम. फोन एअरप्लेन मोडवर टाकून डाउनलोड केलेला, पहिल्या गाण्यापासनं शेवटपर्यंत, शफल बंद. पहिला आठवडा गिटारला हात लावायचा नाही, नुसतं ऐकायचं. दुसऱ्या आठवड्यात रिफ तोंडानं म्हणायच्या, तबल्याचे बोल म्हणतात तशा, कारण जे तोंडात बसत नाही ते हातात बसत नाही हे आपल्याकडचं शिकवणं रॉकला पण लागू पडतं. मग हातात घे, टॅब, म्हणजे कुठली तार कुठं दाबायची ते आकडे, न बघता. शेवटी एक वाक्य वहीत, ह्यांनी कुणाला ऐकलं होतं ते शोधून पुढच्या महिन्याला तो अल्बम. सुरुवात हायब्रिड थिअरीपासनंच कर, तुला वाटतं तो पाठ आहे पण मेमरी कार्डवरच्या दाबून छोट्या केलेल्या फाइलीत वरचे बारीक आवाज उडालेले असतात, चांगल्या हेडफोनवर ऐकलास की त्यातली निम्मी कारागिरी नव्यानं कळेल. त्याच्या मागनं स्टोन टेंपल पायलट्सचा १९९२ चा 'कोर', कारण लिंकिन पार्कचा गायक चेस्टर बेनिंग्टन त्यांचा भक्त होता, इतका की पुढं २०१३ ला तो त्याच बँडमधे गायला गेला. मग पब्लिक एनिमी. मग डिक डेल, त्याचा 'सर्फर्स चॉइस' ऐकताना मामांना शेजारी बसव.

आणि खरं म्हणजे मला ह्या सगळ्या पत्रात जी गोष्ट टोचली ती यादीची नाहीच, माळ्यावरच्या बेंजोची आहे. तुझ्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंगच नाही कुठं. हायब्रिड थिअरी कधी पण परत ऐकायला मिळेल, मामांनी वाजवलेलं मिळणार नाही. म्हणून कॉम्पिटिशनच्या आधी एक रविवार काढ. तो खाली उतरव, तारा गंजल्या असतील, मामांना विचार कुठल्या नंबरच्या लावायचे, त्यांच्या बोटांना आठवत असेल. बटणांच्या खाली धूळ बसली असेल ती ब्रशनं काढ, तेल घालू नको. मग फोन टेबलावर ठेवून त्यांना जे आठवेल ते वाजवू दे, चुकलं तरी थांबवू नको, किती पण लांबू दे. त्यातले तीन मुखडे तू गिटारवर बसव आणि एक तुमच्या बँडच्या सेटमधे घाला, ड्रमरला ठेका मामांनाच सांगू दे.

पिकअपची वायर माळ्यावर उंदरानं कुरतडलेली असणार, बहुतेक असतेच. तसं असलं तर बेंजो घेऊन मामांना सांगलीला घेऊन ये, सोल्डरिंग मी करून देतो, अँप पण माझ्याकडं आहे.